पासपोर्ट कुठला आणि मूळ कुठलं: ब्रिटनमध्ये मुलं वाढवणाऱ्यांसाठी

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही दोघे भारतीय नागरिक, स्किल्ड वर्कर व्हिसावर ब्रिस्टलमध्ये. मुलगी पाच वर्षांची, जन्म पुण्याचा. मुलगा दहा महिन्यांचा, जन्म ब्रिस्टलचा, त्याचा पासपोर्ट अजून काढलेला नाही. मित्र सांगतात की तो जन्मानेच ब्रिटिश आहे. साताऱ्याचे आजोबा म्हणतात, नातवाला परका होऊ देऊ नका. शाळेच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्व आणि एथनिक ग्रुप, म्हणजे वांशिक गट, असे दोन वेगळे रकाने आहेत. आणि लेक शाळेतून येऊन म्हणते, ‘मी इंडियन नाही, इंग्लिश आहे.’

कागदांचं आधी सांगतो, कारण मुलाच्या बाबतीत तुमच्या हातात दोनच महिने आहेत.

मुलगा ब्रिटिश नाही. १ जानेवारी १९८३ पासून ब्रिटनमध्ये नुसता जन्म पुरत नाही. बाळाच्या जन्माच्या दिवशी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असावे लागतात, नाहीतर त्यांच्याकडे कायमच्या वास्तव्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, असावी लागते. तुमच्याकडे त्या दिवशी वर्क व्हिसा होता. ब्रिटिश जन्मदाखल्यावर राष्ट्रीयत्व लिहिलेलंच नसतं, त्यामुळे दाखला हातात आला की अनेकांचा गैरसमज पक्का होतो. उलटी चूकही होते: आयएलआर मिळाल्यावर बाळ झालं, ते आपोआप ब्रिटिश झालं, पण आईवडिलांनी सवयीने भारतीय पासपोर्ट काढला आणि मग त्याच्यासाठी ब्रिटनचा व्हिसा मागायला गेले. ब्रिटिश नागरिकाला ब्रिटनचा व्हिसा मिळत नाही.

तुमचा मुलगा भारतीय होऊ शकतो, पण तोही आपोआप नाही. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. त्यासाठी केंद्र सरकारच्या नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा. आईवडिलांची नावं असलेला पूर्ण जन्मदाखला लागतो. छोटा दाखला चालत नाही. सोबत दोघांचे पासपोर्ट, व्हिसाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं दोघांचं लेखी निवेदन. ही नोंद आणि पासपोर्टचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि काम रेंगाळतं. पूर्वी काही जण ही नोंद मुद्दाम टाळायचे, म्हणजे मूल ‘कुठल्याच देशाचं नाही’ ठरून पाच वर्षांनी ब्रिटिश म्हणून नोंदवता येई. २०२२ च्या ब्रिटिश कायद्याने तो रस्ता आवळला आहे. आईवडिलांना मुलासाठी स्वतःच्या देशाचं नागरिकत्व सहज मिळवता येत असेल, तर तो अर्ज आता टिकत नाही.

अर्ज भरण्याआधी नाव तपासा. आपल्याकडे मुलाच्या नावानंतर वडिलांचं नाव येतं. इथल्या जन्मदाखल्यावर ‘आरव देशपांडे’ आणि भारतीय पासपोर्टवर ‘आरव निखिल देशपांडे’ असं झालं, तर पुढे ब्रिटिश पासपोर्ट काढताना अर्ज अडतो, कारण सगळ्या देशांच्या कागदांवर एकच नाव असावं असा ब्रिटिश पासपोर्ट कार्यालयाचा आग्रह असतो. वडिलांचं नाव हवं असेल तर दोन्हीकडे ठेवा, नको असेल तर दोन्हीकडे नको. इंग्लंडमध्ये जन्मनोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत बाळाच्या पहिल्या नावांत बदल नोंदवता येतो (आडनाव यात बदलत नाही), म्हणजे तुमची ती मुदतही अजून संपलेली नाही.

भारतात जायचं असेल तर भारतीय पासपोर्ट मिळाल्यावर आधी बाळाचा डिपेंडंट व्हिसा घ्या, मगच तिकीट काढा. ब्रिटनमध्ये जन्मलेलं बाळ देशातच असेपर्यंत व्हिसा नसला तरी बेकायदा ठरत नाही, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. बाहेर पडलं की मात्र व्हिसाशिवाय परत येता येत नाही. मग बाळ आणि आई साताऱ्यात, बाबा ब्रिस्टलमध्ये, असे महिने जातात.

आता पुढचं. तुमच्यापैकी एकाला जरी आयएलआर मिळालं तरी मुलाला थेट ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदवता येतं. अट इतकीच की तो १८ च्या आत असावा. फॉर्मचं नाव एमएन १. त्याच्यासाठी आधी वेगळं आयएलआर काढायची गरज नसते, तरी बरेच पालक ते काढतात आणि दोनदा शुल्क भरतात. वय १० झालं की चारित्र्याची अट लागू होते, म्हणून करायचंच असेल तर त्याआधी केलेलं बरं. दुसरा रस्ता: जन्मापासून पहिली दहा वर्षं ब्रिटनमध्येच काढली तर त्याला स्वतःच्या हक्काने नोंदणी मागता येते, मग आईवडिलांचा दर्जा काहीही असो. पण त्या दहापैकी कुठल्याही वर्षात ९० दिवसांहून जास्त गैरहजेरी नसावी. अपवाद करायचा अधिकार अधिकाऱ्यांना आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. मराठी पाझरावी म्हणून बाळाला चार महिने आजीकडे ठेवण्याचा बेत बरीच घरं करतात. तो बेत चांगलाच आहे, पण चारही महिने एकाच वर्षात आले तर ९० दिवस ओलांडतात, म्हणून दिवस मोजा आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा.

मुलीला हे दोन्ही रस्ते नाहीत, कारण तिचा जन्म पुण्याचा. तिला तुमच्याबरोबर आयएलआर घ्यावं लागेल, आणि तिची ब्रिटिश नोंदणी अधिकाऱ्यांच्या विवेकावर अवलंबून. आईवडील नागरिकत्वाचा अर्ज करतात तेव्हाच तिचा अर्ज सोबत करणं शहाणपणाचं. एकाच घरात, एकाच डब्यातली पोळीभाजी खाणाऱ्या भावंडांना दोन वेगळी कलमं लागतात. वारसा कागदावर ठरत नाही याचा याहून सरळ दाखला मला तरी सुचत नाही.

ब्रिटिश होताना काय सुटतं? भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ब्रिटिश पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. तो परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. त्याशिवाय ओसीआयचा अर्ज अडतो. ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, भारतात आजन्म येण्याजाण्याची मुभा देणारं कार्ड. ओसीआयच्या नावात नागरिकत्व असलं तरी ते नागरिकत्व नव्हे: मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आजोबांच्या सातबाऱ्यावर वारसाने नाव मात्र लागू शकतं, ही गोष्ट आजोबांना आवर्जून सांगा. शिक्षणाचं कलम लोक वाचत नाहीत आणि बारावीला पस्तावतात: ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार वैद्यकीय, अभियांत्रिकी वगैरे प्रवेशांत ओसीआयधारकाला फक्त एनआरआय किंवा अतिरिक्त (सुपरन्यूमररी) जागांसाठी पात्र धरतात. म्हणून पुढच्या काही वर्षांत परतायचा विचार खरोखर पक्का असेल, तर मुलांसाठी भारतीय पासपोर्ट आणि आयएलआर हीच जोडी ठेवा. सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं तर आयएलआर जातं, हे लक्षात असू द्या. इथेच राहायचं असेल तर ब्रिटिश नोंदणी लांबवण्यात काही राखलं जात नाही. ओसीआय घेतल्यावर वयाच्या २० वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांत पासपोर्ट आणि फोटो ऑनलाइन चढवायचा. मुलांचा ब्रिटिश पासपोर्ट पाच वर्षांचा असल्याने हे दर पाच वर्षांनी येतं. विसाव्यानंतरच्या पहिल्या पासपोर्टवर एकदा कार्ड नव्याने काढायचं.

आजोबांची भीती खरी आहे, पण ती पासपोर्टवर बेतली आहे. ‘राहणार’ आणि ‘मूळ गाव’ हे दोन शब्द आपण कधीच एक मानले नाहीत. गिरगावात जन्मलेल्या चाकरमान्याला गाव विचारा, तो मालवण सांगतो. मॉरिशसमधले मराठी पिढ्यानपिढ्या तिथलेच नागरिक आहेत. घरात क्रिओल आली, तरी शाळेत मराठी विषय टिकला आणि गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. दोन्हीकडे भारतीय पासपोर्टाचा संबंध नव्हता. मॉरिशसकडून आणखी एक शिकायचं: सण आणि आडनावं पुष्कळ काळ टिकतात, आधी निसटते ती घरातली बोली.

आता फॉर्म. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात कायद्याने जे आहे तेच: लेकीला आज ‘इंडियन’, मुलालाही वकिलातीतली नोंद झाली की ‘इंडियन’. एथनिक ग्रुपमध्ये ‘एशियन ऑर एशियन ब्रिटिश: इंडियन’, आणि हे उद्या ब्रिटिश झाल्यावरही तसंच राहील. २०२१ च्या जनगणनेत तर राष्ट्रीय ओळख, वांशिक गट, पासपोर्ट आणि मुख्य भाषा असे चार वेगळे प्रश्न होते, आणि राष्ट्रीय ओळखीत एकाहून जास्त खुणा करता येत होत्या. इंग्लंडच्या शाळांनी सरकारला राष्ट्रीयत्व कळवण्याची पद्धत २०१६ मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये बंद झाली, त्यामुळे तो रकाना दिसला तर शाळेला तो कशासाठी हवा हे विचारायला संकोच नको.

‘फर्स्ट लँग्वेज’ या रकान्यात मराठी लिहा. मूल ‘मागे पडलेल्यांत’ जाईल या भीतीने पालक इंग्रजी लिहितात. तिथे मुलाला कुठली भाषा जास्त चांगली येते असं विचारलेलंच नसतं. लहानपणी जी कानावर पडली आणि घरात किंवा आसपासच्या समाजात अजून पडते ती भाषा, अशी त्या शब्दाची सरकारी व्याख्या आहे. इंग्रजी आणि दुसरी अशा दोन्ही पडत असतील तर दुसरी नोंदवायची. अशा मुलांसाठी शाळेच्या निधीत पहिली तीन वर्षं भरही पडते.

लेकीला ‘तू इंग्लिश नाहीसच’ असं म्हणू नका. कायद्याचा रकाना तिने विचारलेला नाही. वर्गातल्यांसारखीच मीही इथली, एवढंच तिला म्हणायचंय, आणि ते खरं आहे. तिला एक वाक्य द्या जे मैदानावर पटकन म्हणता येईल: ‘मी ब्रिस्टलची, आईबाबा साताऱ्याचे, आम्ही घरी मराठी बोलतो.’ ती इंग्रजीत उत्तर देऊ लागली की पालकही नकळत इंग्रजीत जातात, आणि भाषा तिथे तुटते. तिने इंग्रजीत बोलावं, तुम्ही मराठीतच राहावं. ‘मराठीत सांग’ म्हणून अडवण्यापेक्षा तिचंच वाक्य मराठीत म्हणून पुढे बोला. रोजचे ठरलेले प्रसंग मराठीचेच ठेवा: अंघोळ, जेवण, झोपतानाची गोष्ट. आजीशी व्हिडिओ कॉल ‘नमस्कार कर’ इतक्यावर संपवू नका. तिला आजीकडून काहीतरी विचारून घ्यायला लावा, थालीपिठात काय काय पडतं इथपासून. बाराखडी सहाव्या वर्षाच्या आसपास, इंग्रजी वाचन बसल्यावर, रोज दहा मिनिटं पुरते. इथे गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू यांची जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी, परीक्षा आहे, मराठीची नाही. म्हणजे पुढे शाळेचा धक्का मिळणार नाही, तो घरातून आणि मंडळाच्या वर्गातून द्यावा लागेल. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. ब्रिस्टलहून दर आठवड्याला जाणं होणार नाही, पण जवळपासची दोनतीन घरं जमली तरी शनिवारचा वर्ग उभा राहतो.

हे सगळं वाचून झाल्यावर आज रात्री एकच करा: नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर मुलाचा अर्ज उघडा आणि जन्मदाखल्यावरचं नाव एकेक अक्षर लावून ताडून पाहा.