घरामागच्या डेकसाठी कंपोझिट फळ्या घ्याव्यात की खरं लाकूड?

डेकवर ऊन किती येतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते अर्धा निर्णय तिथेच होतो. कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून काढलेली फळी. भर उन्हात ती बहुतेक लाकडांपेक्षा जास्त तापते. गडद रंगाची असेल तर दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. वर सावली नसेल आणि मुलं तिथे खेळणार असतील, तर मी लाकूडच सांगेन. तरीही कंपोझिट हवंच असेल तर फिका रंग घ्या, आणि आधी एक तुकडा आणून उन्हात ठेवून बघा.

जागा सावलीची आणि दमट असेल तर गोष्ट उलटी. लाकडावर शेवाळ धरतं, तेल लावायला ते धड वाळतही नाही. तिथे कंपोझिट बरं, पण वरून प्लास्टिकचं आवरण असलेलं, म्हणजे कॅप्ड. साध्या कंपोझिटमधल्या भुशावर बुरशीचे काळे डाग पडतात. काही फळ्यांना आवरण तीनच बाजूंनी असतं; डेक जमिनीलगत असेल तर चारही बाजू झाकलेल्या आहेत ना, ते बघून घ्या. देखभाल अजिबात लागत नाही म्हणतात ते खरं नाही, धुवावं लागतंच. आणि खोल ओरखडा गेला की गेला, पॉलिश पेपर मारून तो काढता येत नाही.

लाकूड मात्र घासून पुन्हा नवं करता येतं. साग घेतलात तर गाभ्याचा घ्या, कडेचा फिकट भाग लवकर कुजतो. तेल लावलं नाही तर साग करडा पडतो, पण तो नुसता रंगाचा प्रश्न आहे. प्रेशर ट्रीटेड पाइनला, म्हणजे कुजू नये म्हणून दाबाखाली रसायन मुरवलेल्या पाइनला, दर दोन-तीन वर्षांनी सीलर (पाणी रोखणारा लेप) लागतो, आणि ते काम तुम्ही खरंच करणार का, हे स्वतःला विचारा.

फळ्यांवर एवढा खल होतो, सांगाड्याचं कोणी विचारत नाही. कंपोझिटसुद्धा बहुतेकदा लाकडी कड्यांवरच, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या तुळयांवरच बसतं, आणि पाणी साचून कुजतात त्या कड्या. त्यांच्या माथ्यावर जलरोधक पट्टी चिकटवा. कंपोझिट लाकडापेक्षा जास्त लवते, म्हणून कड्यांमधलं अंतर साधारण 40 सेंमी, तिरक्या मांडणीला 30. उन्हात ती लांबीने वाढते, तेव्हा टोकांना कंपनीने सांगितलेली फट सोडाच. ट्रीटेड लाकडात मुरवलेल्या रसायनातला तांब्याचा अंश साधे स्क्रू खातो, स्टेनलेस वापरा. पैसे कमी पडले तर डेक लहान करा, सांगाडा हलका करू नका.