पेनिसिलिनचा आकडा चुकतो कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (शिरपूर, फार्मसीची विद्यार्थिनी): तेच सॅम्पल सकाळी आणि दुपारी एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) चालवलं तर दुपारी पेनिसिलिन जी कमी दिसतं. मशीन बिघडलं का?

ताई, मशीनला लगेच दोष देऊ नका, आधी सांगा मधल्या वेळात सॅम्पल कुठं होतं? टेबलावरच ना? मे महिन्यात आपल्या खान्देशात पारा 44-45 ला जातो आणि पेनिसिलिनची बीटा-लॅक्टम रिंग (रेणूतलं कडं, ज्यावर औषधाचा गुण अवलंबून असतो) उष्णतेनं, अ‍ॅसिडनं, अल्कलीनं उघडते, आणि एकदा उघडली की औषधाचा गुण गेला. सॅम्पल काढलं की लगेच बर्फात ठेवा, थंडच गाळा, पीएच 6 ते 7 च्या फॉस्फेट बफरमध्ये पातळ करा, त्याच दिवशी चालवा. वहीत वेळ लिहा, हे मी पोरांना कायम सांगतो.

प्रश्न (जळगाव, प्लांटमधले भाऊ): फर्मेंटरचा (बुरशी वाढवून पेनिसिलिन बनवायची टाकी) हिशोब आणि रिकव्हरीला (पेनिसिलिन वेगळं काढताना) मिळालेला माल जुळतच नाही, माल कमीच भरतो.

भाऊ, बहुतेक तुम्ही गाळलेल्या पाण्यातला आकडा घेऊन पूर्ण टाकीच्या लिटरनं गुणताय. पण टाकीत नुसतं पाणी नाही, बुरशी पण आहे, आणि पेनिसिलिन बहुतेक सगळं पाण्यातच असतं. 10 मिली ब्रॉथ (टाकीतलं बुरशीसकट पाणी) सेंट्रिफ्यूज केला, म्हणजे जोरात फिरवला, आणि खाली 3 मिली गाळ बसला, तर गाळलेल्यात लिटरला 20 ग्रॅम दिसलं तरी अख्ख्या ब्रॉथमध्ये साधारण 14 च धरायचे. गाळात पण थोडं पाणी अडकतं म्हणून हे ढोबळ, पण बॅच जसजशी पुढे जाते तसा गाळ वाढतो आणि फरकही वाढतो, म्हणून प्रत्येक सॅम्पलला गाळ मोजाच. शिवाय एचपीएलसीच्या त्याच रनमध्ये फिनाइल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा पीक (आलेखातला उंचवटा) बघत जा, ते पेनिसिलिन जी बनवायला बुरशीला दिलेला कच्चा माल असतं, ते जास्त झालं तर बुरशीलाच बाधतं, संपलं तर पेनिसिलिन जी बनणं मंदावतं.

प्रश्न (धुळे, कॉलेजचे सर): एचपीएलसी असताना अगारची प्लेट (जंतू वाढवून औषध त्यांना किती रोखतं ते बघायची थाळी) कशाला?

सर, एचपीएलसी रेणू मोजतं, प्लेट ताकद मोजते. प्लेटला रात्रभर थांबावं लागतं, आणि झोनचा (औषधाभोवती जंतू न वाढलेल्या गोल जागेचा) व्यास डोसच्या लॉगवर वाढतो, म्हणजे डोस खूप वाढला तरी व्यास थोडाच वाढतो, त्यामुळे एका मिलिमीटरची चूक पण महागात पडते, म्हणून रोजचं काम एचपीएलसीवरच करा. पण बुरशीचा नवीन स्ट्रेन (वाण) आला किंवा एखादा पीक कशाचा ते कळेना, तर प्लेट लावाच, मी तरी त्याशिवाय सही करत नाही.

प्रश्न (भुसावळ): पेनिसिलिनची ताकद युनिटमध्ये मोजतात, त्या युनिटचे ग्रॅम कसे करायचे?

पेनिसिलिन जी सोडियमचं 1 युनिट म्हणजे 0.6 मायक्रोग्रॅम. मिलीला 30,000 युनिट आले तर लिटरला 18 ग्रॅम. पोटॅशियम मीठ असेल तर आकडा थोडा बदलतो, तेव्हा स्टँडर्डच्या (तुलनेसाठी वापरायच्या प्रमाणित पेनिसिलिनच्या) बाटलीवरचं लेबल वाचूनच हिशोब करा.