तोंड वाकडं झालं आणि आता दोन-दोन दिसतंय

प्रश्न : माझी बहीण २९ वर्षांची. आठवड्यापूर्वी चूळ भरताना पाणी ओठांच्या कडेनं सांडलं, उजवा डोळा मिटेना. बेल्स पाल्सी (चेहऱ्याची नस सुजून एक बाजू लुळी पडणं) म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू आहेत. कालपासून तिला दोन-दोन दिसतंय. दोन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्यानं महिनाभर अंधुक दिसायचं, ते आपोआप गेलं. हे मल्टिपल स्क्लेरोसिस असू शकेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : असू शकेल. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते. त्यात तोंड वाकडं होणं तसं क्वचितच. अचानक तोंड वाकडं झालेल्या बहुतेकांना बेल्स पाल्सीच असते. नुसता चेहरा बघून मात्र फरक कळत नाही. कपाळाला आठी न पडणं, डोळा न मिटणं दोन्हींत असतं. (मेंदूच्या पक्षाघातात बहुधा कपाळ हलतं.)

खरी खूण दोन-दोन दिसण्याची. चेहऱ्याच्या सातव्या नसेचे तंतू मेंदूच्या देठात (मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या भागात), डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नसेच्या केंद्राला वळसा घालून जातात. तिथं सूज आली की दोन्ही बिघडतात. बेल्स पाल्सीत डोळा कोरडा पडून धूसर दिसेल, दोन-दोन नाही. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा जात असेल, तर आजच न्यूरोलॉजिस्टना दाखवा. सोबत हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं किंवा तोल गेला, तर थेट इमर्जन्सीत न्या.

डॉक्टरांना डाव्या डोळ्याचं जुनं दुखणं आवर्जून सांगा. तेव्हा डोळा फिरवताना दुखायचं का, लाल रंग फिका दिसायचा का? मान खाली घातल्यावर पाठीतून करंट उतरतो का, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर त्रास वाढतो का, हेही विचारून ठेवा; या एमएसच्या खुणा असू शकतात.

सीटी स्कॅनवर भागवू नका, देठातले सुजेचे बारीक डाग त्यात सहसा दिसत नाहीत. मेंदू आणि मानेच्या मज्जारज्जूचा, कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध टोचून, म्हणजे ताजे डाग उठून दिसतात) एमआरआय लागतो. स्टेरॉइड चालू असल्याचं आधी सांगा. त्यानं ताजा डाग कॉन्ट्रास्टमध्ये कमी उठतो. गरज पडल्यास पाठीच्या कण्यातून सुईनं काढलेल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (एमएसमध्ये बहुधा आढळणारी विशिष्ट प्रथिनं) तपासतात. गोळ्यांनी चेहरा सुधारला म्हणून एमएस नाही असं समजू नका, एमएसचा झटकाही स्टेरॉइडनं ओसरतो. गोळ्या मनानं बंद मात्र करू नका.

तोवर डोळा जपा. बुबुळावर जखम झाली तर नजर जाऊ शकते. दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळ्याचं मलम घालून पापणी नीट मिटवून कागदी टेप, बाहेर पडताना गॉगल. कापूस थेट डोळ्यावर ठेवू नका, त्याचे तंतू बुबुळाला घासतात.