एचपी टचपॅड बंद होणार म्हटल्यावरच लोक त्याच्यामागे का धावले? आज असा टॅबलेट घ्यावा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. २०११ साली एचपीने टचपॅड हा आपला टॅबलेट बंद करत असल्याचं जाहीर केल्यावर तो घ्यायला अमेरिकेत एवढी झुंबड का उडाली? आणि आज कुठे क्लिअरन्समध्ये, म्हणजे उरलेला माल संपवायच्या सेलमध्ये, असा बंद झालेला टॅबलेट पडत्या भावात दिसला, तर घ्यावा का? मी तेव्हा न्यू जर्सीत नोकरीला होतो. टचपॅड घेतला आणि पुढे बरीच वर्षं वापरला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की लोकांनी हिशेब केला आणि तो बरोबर केला. जी वस्तू ९९ डॉलरला मिळत होती, तिच्या नुसत्या सुट्या भागांची किंमत तेव्हाच्या अंदाजांनुसार ३०० डॉलरच्या आसपास होती. ९.७ इंची पडदा, १.२ गिगाहर्ट्झचा दोन गाभ्यांचा स्नॅपड्रॅगन प्रोसेसर, १ जीबी रॅम. त्या काळात ९९ डॉलरला मिळायचे ते नाव नसलेले सात इंची टॅबलेट. त्यांच्या पडद्यावर बोट दाबून दाबून दुखायचं. म्हणजे कंपनीने सोडून दिलेलं असलं तरी टचपॅड हे यंत्र त्या पैशात मिळणाऱ्या कुठल्याही यंत्राच्या कितीतरी पुढे होतं.

मग तो आधी का खपला नाही? यालाही कारण किंमतच. एचपीने २०१० मध्ये पाम ही कंपनी १.२ अब्ज डॉलरला घेतली, ती मुख्यतः वेबओएस या कार्यप्रणालीसाठी, जिच्यावर पुढे टचपॅड चालायचा. टचपॅड १ जुलै २०११ ला अमेरिकेत दुकानात आला. १६ जीबीचा ४९९ डॉलरला आणि ३२ जीबीचा ५९९ला. आयपॅड २ ची सुरुवातसुद्धा ४९९ पासूनच होती. समोरासमोर ठेवले तर आयपॅड बारीक, हलका, मागे कॅमेरा असलेला आणि खास त्याच्यासाठी बनवलेली हजारो ॲप्स असलेला. टचपॅडसाठी खास बनवलेली ॲप्स सुरुवातीला ३०० च्या घरात. मागे कॅमेराच नाही. पहिल्या आवृत्तीत प्रणाली अडखळायची, ऑगस्टच्या सुरुवातीच्या अपडेटनंतर बरीच सुधारली. पण तोवर परीक्षणं लिहून झाली होती. त्याच भावात गिऱ्हाईक दुसरीकडे का वळणार नाही? ऑगस्टमध्ये एचपीने १०० डॉलर कमी केले, त्यानेही काही हललं नाही. बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीने घेतलेल्या सुमारे २,७०,००० नगांपैकी जेमतेम २५,००० विकले गेल्याची बातमी त्याच सुमारास आली. गोदामं भरलेली, आणि सणासुदीच्या खरेदीला अजून तीन महिने होते.

१८ ऑगस्टला मुख्याधिकारी लिओ अपोथेकर यांनी वेबओएसची सगळी यंत्रं बंद करत असल्याचं जाहीर केलं. विक्री सुरू होऊन सात आठवडे झाले होते. त्याच दिवशी संगणकांचा धंदा वेगळा काढण्याचा विचार आणि ऑटोनॉमी ही सॉफ्टवेअर कंपनी दहा अब्ज डॉलरहून जास्त देऊन घेण्याचा निर्णयही बाहेर आला. मला आजही वाटतं, की एवढ्या मोठ्या तीन घोषणा एका दिवशी करणाऱ्या माणसांनी टचपॅडकडे नीट बघायला वेळच दिला नाही. आपण काय बंद करतोय हे त्यांना पुरतं कळलं होतं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅनडात आणि शनिवारी, २० तारखेला, अमेरिकेत भाव कोसळला. १६ जीबी ९९ डॉलर, ३२ जीबी १४९. सोमवारी ब्रिटनमध्ये ८९ आणि ११५ पौंड. त्या वेळच्या दराने ९९ डॉलर म्हणजे साधारण साडेचार हजार रुपये.

आणि मग तो शनिवार-रविवार. स्वस्त वस्तूसाठी रांगा लागणं अमेरिकेत नवं नव्हतं, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी दरवर्षी लागतात. पण त्याची तयारी आठवडाभर चालते, छापील जाहिराती येतात, कुठल्या दुकानात किती नग हे माहीत असतं. इथे काहीच ठरलेलं नव्हतं. एका दुकानात ९९, शेजारच्या दुकानात अजून ३९९. एका साखळीची शाखा विकतेय, तर त्याच साखळीची दुसरी शाखा म्हणतेय की माल कंपनीला परत पाठवायचा आदेश आहे. एचपीचं स्वतःचं विक्रीचं संकेतस्थळ गर्दीने बसलं. डील शोधणारे लोक एकमेकांना क्षणाक्षणाला कळवत होते: अमुक गावच्या दुकानात सहा उरलेत, तमुक ठिकाणी नुकताच नवा खोका फोडला. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासची मराठी, तेलुगू, गुजराती सगळी मंडळी फोनवर होती. ज्याला मिळाला तो दुसऱ्यासाठी विचारत होता, आणि दिवाळीला पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला घरून फरमाईश आलीच होती.

ऑनलाइनचा अनुभव मात्र बऱ्याच जणांना कडू आला. ऑर्डर स्वीकारल्याचा मेल यायचा आणि दोन दिवसांनी रद्द झाल्याचा. माझीही एका मोठ्या दुकानाने अशीच रद्द केली. याचं कारण तांत्रिक आहे आणि आजही लागू आहे. संकेतस्थळावर दिसणारा शिल्लक आकडा गोदामातल्या आकड्याशी ठरावीक वेळाने जुळवला जातो. एरवी ते चालतं. पण मिनिटाला शेकडो ऑर्डर पडू लागल्या, की दोन जुळवण्यांच्या मधल्या वेळात असलेल्या मालाच्या कित्येक पट विक्री नोंदवली जाते. म्हणून अशा सेलमध्ये ऑर्डरचा मेल आला म्हणजे वस्तू मिळाली असं धरू नये. पाठवणीचा क्रमांक येईपर्यंत काही खरं नसतं. मला अखेर मिळाला तो कार्यालयीन सामान विकणाऱ्या एका दुकानात. लोक तिथे कागद आणि शाई घ्यायला जातात, त्यामुळे टॅबलेटसाठी तिकडे फारसं कुणी वळलं नव्हतं. क्लिअरन्समागे धावायचंच असेल, तर त्या वस्तूसाठी प्रसिद्ध नसलेलं दुकान आधी बघावं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

आता मला खरोखर राग आला त्याबद्दल. काही लोकांनी दहा-दहा, वीस-वीस नग उचलले आणि त्याच रात्री ईबे या ऑनलाइन बाजारात दुप्पट भावाला लावले. पुष्कळ दुकानांनी नंतर माणशी एक किंवा दोनची मर्यादा घातली, पण तोवर उशीर झाला होता. ज्या घरात ५०० डॉलरचा टॅबलेट येणं शक्यच नव्हतं, अशा घरांसाठी हा सेल म्हणजे मोठी संधी होती. मुलांना वाचायला, आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलायला. त्या घरांच्या वाटचे नग ईबेवर गेले. आणि २२५-२५० डॉलर देऊन ज्यांनी तिथून घेतले, त्यांचा सौदा सौदा राहिलाच नाही. बंद झालेल्या, पुढे अपडेट कोण देईल हे ठाऊक नसलेल्या यंत्राला ९९ हा भाव योग्य होता. २५० ला गणित बदलतं. नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनचा किंडल फायर हा टॅबलेट १९९ ला आला, म्हणजे तीन महिने थांबलेल्याला त्याहून कमी पैशात चालू, सांभाळली जाणारी वस्तू मिळाली. एचपीने ऑगस्टअखेरीस आणखी एक शेवटची खेप बनवायचं जाहीर केलं आणि डिसेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले नग ईबेवर स्वतःच मूळ क्लिअरन्स भावाला ठेवले. तेही बघता बघता संपले.

पण ९९ ला घेतलेला टचपॅड पुढे एवढा टिकला कसा, ते सांगितल्याशिवाय तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

पामच्या माणसांनी वेबओएस बनवताना यंत्राला कुलूप घातलं नव्हतं. शोधपट्टीत एक ठरावीक अक्षरमाळ टाइप केली की आतल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करू देणारा डेव्हलपर मोड चालू व्हायचा. काही बिघडलं तर वेबओएस डॉक्टर नावाचं कंपनीचंच साधन संगणकावरून यंत्र पुन्हा मूळ स्थितीत आणायचं. यामुळे प्रयोग करणाऱ्यांना भीती उरली नाही. अँड्रॉइड चालवून दाखवणाऱ्याला रोख बक्षीस लावलं गेलं. ऑक्टोबर २०११ मध्ये टचपॅडसाठी सायनोजेनमॉडची, म्हणजे हौशी मंडळींनी बनवलेल्या अँड्रॉइडची, पहिली कच्ची आवृत्ती आली. सुरू करताना वेबओएस हवं की अँड्रॉइड हे निवडता यायचं. जानेवारी २०१२ मध्ये अँड्रॉइड ४ वर आधारलेली आवृत्ती आली. आमच्या घरच्या दृष्टीने ती महत्त्वाची ठरली, कारण तिच्यामुळे देवनागरी नीट दिसायला लागली. मी तो टचपॅड वडिलांना दिला आणि ते सांगलीत रोज सकाळी त्यावर मराठी वर्तमानपत्रं वाचायचे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत कॅमेरा, मायक्रोफोन चालत नसत, त्यांना त्याची गरजही नव्हती. हौशी मंडळी पुढे कित्येक वर्षं, कुणी पगार देत नसताना, नव्या नव्या अँड्रॉइड आवृत्त्या त्या यंत्रावर आणत राहिली. त्यांचे उपकार मी मनापासून मानतो. एचपीने स्वतःच्या सेवा जानेवारी २०१५ मध्ये बंद केल्या, त्यानंतरही आमचा टचपॅड चालूच होता.

त्याचा एक दुखरा भाग होता बॅटरी. ती पूर्ण शून्यावर गेली की यंत्र पुन्हा चार्ज व्हायलाच तयार नसे. कपाटात महिनोन्‌महिने पडलेले कितीतरी टचपॅड असेच गेले. सोबतचा नळकांड्यासारखा चार्जर पिरगळून बसवायचा असायचा, जरा सैल राहिला तरी चार्जिंग रेंगाळायचं. लोकांना वाटायचं यंत्र बिघडलं, आणि दोष असायचा चार्जरच्या त्या फिरकीचा.

ब्लॅकबेरी प्लेबुक या टॅबलेटचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून बघा, ते तर भारतातच घडलं. प्लेबुक इथे जून २०११ मध्ये २७,९९० रुपयांपासून सुरू झाला. डिसेंबरच्या शेवटी १६ जीबीचा १३,४९० ला काढला आणि इथेही लोकांनी उड्या टाकल्या. यंत्र सुबक होतं, आवाज उत्तम होता. पण ब्लॅकबेरीने त्याला पक्कं कुलूप घातलं होतं. कंपनीने लक्ष काढून घेतल्यावर कुणा हौशी माणसाला त्यावर दुसरी प्रणाली बसवता आली नाही. हळूहळू ॲप्स बंद पडली, मग संकेतस्थळं उघडेनात, आणि तो ड्रॉवरमध्ये गेला. दोन्ही यंत्रं एकाच वर्षातली, दोन्ही जवळपास सारख्या ताकदीची. पुढे फरक पडला तो कुलपाचा.

म्हणून आज क्लिअरन्समधला बंद झालेला टॅबलेट बघताना मी किंमतीच्याही आधी बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना कुठली प्रणाली चालू द्यायची ते ठरवणारं सॉफ्टवेअर, उघडता येतो का ते बघेन. उघडत असेल आणि लिनिएजओएससारखी हौशी मंडळींनी चालवलेली अँड्रॉइड प्रणाली त्या नेमक्या मॉडेलसाठी अजून सांभाळली जात असेल, तर यंत्राचं आयुष्य कंपनीच्या हातात राहत नाही. मॉडेल नेमकंच पाहावं, एकाच नावाच्या वायफाय आणि सिमवाल्या आवृत्त्या आतून वेगळ्या असतात. मात्र बूटलोडर उघडल्यावर बँकेची आणि यूपीआयची ॲप्स बहुधा नकार देतात, आणि काही व्हिडिओ सेवा कमी दर्जाचं चित्र दाखवतात. ती कामं टॅबलेटवर करायची असतील तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

बूटलोडर उघडत नसेल, तर शेवटचं सुरक्षा अपडेट कधीचं आहे ते पाहा. दोन-तीन वर्षांपूर्वीचं असेल तर तो फक्त वाचनासाठी, साठवलेले व्हिडिओ बघण्यासाठी, स्वयंपाकघरात पाककृती उघडून ठेवण्यासाठी घ्यावा, आणि तेवढ्याच कामाची किंमत द्यावी. बँकेचं काहीही त्यावर करू नये.

बॅटरीकडे दुर्लक्ष करू नका. खोका सीलबंद असला तरी आतली बॅटरी तयार झाल्या दिवसापासून वय वाढवतच असते. तीन वर्षं गोदामात शून्यावर पडलेली बॅटरी फुगलेली असू शकते. दुकानातच सुरू करून दाखवायला सांगा, पडदा एखाद्या कडेला वर उचललेला दिसतो का ते बघा. परत घेण्याची मुदत किती, वॉरंटी कंपनीची की दुकानाची, हे बिलावर लिहून घ्या. क्लिअरन्सच्या मालावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असतो. तो असेल तर मी निम्म्या भावातही घेणार नाही.

तुम्ही प्रश्नात मॉडेल लिहिलेलं नाही. मागच्या बाजूला किंवा खोक्यावर बारीक अक्षरात मॉडेल क्रमांक असतो, तो आणि दुकानदार मागतोय ती किंमत खाली कळवा. बूटलोडर उघडतो का आणि सध्या त्यासाठी कुठली प्रणाली मिळते, ते बघून सांगतो.