परवाना हाती आला. आता अंगावर बाळगायला कोणते शस्त्र घ्यावे?

(मागील अंकात स्वसंरक्षणासाठीच्या शस्त्र परवान्याविषयी माहिती दिल्यानंतर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: परवाना मंजूर झाल्यावर कपड्यांखाली सहज मावेल असे लहान हातशस्त्र कसे निवडावे? निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.)

प्रश्न : मी केळीचा व्यापारी असून हंगामात मजुरी, गाडीभाडे आणि शेतकऱ्यांचे पैसे घेऊन रावेर-यावल पट्ट्यात रात्री-अपरात्री फिरतो. मला नुकताच परवाना मिळाला आहे. मुलगा यूट्यूबवर ग्लॉक ४३ आणि सिग पी ३६५ ही लहान पिस्तुले दाखवून हीच घ्या म्हणतो, तर दुकानदार रिव्हॉल्व्हर पुढे करतो. शर्टाखाली दिसणार नाही असे योग्य शस्त्र कोणते? – एक वाचक, सावदा

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी दाखवलेली दोन्ही पिस्तुले चांगली आहेत, पण ती आपल्या कामाची नाहीत. दोन्हींत ९ मिलिमीटरचे म्हणजे ९×१९ हे काडतूस लागते, आणि आपल्याकडे ते ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप) मोडत असल्याने सामान्य नागरिकाच्या परवान्यावर घेता येत नाही. शिवाय नागरिकांसाठी परदेशी हातशस्त्रांची आयात १९८०च्या दशकापासून बंदच आहे. अमेरिकेतील माणूस दुकानात जातो तेव्हा झाडताना हाताला जोरदार झटका देणारे काडतूस जास्तीत जास्त लहान शस्त्रात कसे बसवावे, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो, आणि त्या व्हिडिओंतील निम्मी चर्चा त्याभोवतीच फिरते. आपल्यापुढे तो प्रश्न नाही, कारण आपली निवड प्रत्यक्षात .३२ बोअरपुरती उरते आणि .३२चा झटका सौम्य असतो.

मात्र .३२ म्हणजे एकच काडतूस नव्हे, हे दुकानात पाऊल टाकण्याआधी पक्के समजून घ्यावे. रिव्हॉल्व्हरला .३२ स्मिथ अँड वेसन लाँग लागते. त्याचे कवच सुमारे २३ मिलिमीटर लांब असून त्याच्या बुडाला ठळक कड असते. पिस्तुलाला .३२ एसीपी लागते, ज्याचे कवच सुमारे १७ मिलिमीटरचे असते. एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही. ताकदीच्या दृष्टीने दोघांत फारसा फरक नाही, त्यामुळे ‘पिस्तुलाची गोळी जास्त मारक’ किंवा त्याच्या उलट जे ऐकायला मिळते, त्यावर निवड करू नये.

आता आकाराकडे येऊ. लांब नळीचे शस्त्र लपत नाही, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात नळी पॅन्टच्या आत उतरते आणि तिच्यामुळे फारसे काही दिसत नाही; शर्टातून उमटते ती मूठ, आणि त्याखालोखाल शस्त्राची जाडी. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर, म्हणजे काडतुसे ठेवायचा फिरता गोल भाग, हा त्याचा सर्वांत फुगीर भाग असतो, तर पिस्तूल चपटे असल्याने अंगालगत बसते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना आपण जाकीट घालणार नाही, पातळ सुती शर्टच घालणार, तेव्हा जाडीचा मुद्दा येथे थंड प्रदेशापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो. म्हणून केवळ लपवण्याचा निकष लावला तर पिस्तूल जिंकते. आपल्या आयुध निर्माणीचे ‘अशनी’ हे .३२ एसीपीचे पिस्तूल आठ काडतुसांच्या मॅगझिनसह (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीसह) मिळते.

असे असूनही, पहिल्यांदाच हातशस्त्र घेणाऱ्या आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा चांदमारीला जाऊ शकणाऱ्या माणसाला मी रिव्हॉल्व्हरच सुचवीन. पिस्तुलात मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, एक काडतूस राहू शकते, आणि घरात चुकून गोळी सुटण्याच्या किती तरी घटना त्या एका विसरलेल्या काडतुसापायी घडतात. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर उघडले की सहाही घरे डोळ्यांसमोर असतात. काडतूस फुसके निघाले तर पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून ते बाहेर काढावे लागते; रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढचे घर नळीसमोर येते. याची किंमत म्हणजे चाप जड आणि लांबवर ओढावा लागतो, गोळ्या सहाच मिळतात आणि कमरेवर थोडा फुगवटा राहतो. ही किंमत मला मान्य करण्याजोगी वाटते.

रिव्हॉल्व्हरमध्येही जुन्या धाटणीचे, मधून मोडून उघडणारे .३२ मार्क ३ आणि २०२३मध्ये कानपूरच्या एडब्ल्यूईआयएल या सरकारी कंपनीने आणलेले ‘प्रबळ’ यांत फरक आहे. ‘प्रबळ’चे सिलिंडर बाजूला उघडते, नळी ७६ मिलिमीटरची, एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर आणि काडतुसांशिवाय वजन ६७५ ग्रॅम आहे. हे आकडे ‘फार लहान’ या वर्गात बसत नाहीत, आणि तेच बरे. अगदी इटुकल्या शस्त्राला करंगळी टेकायला जागा नसते, ती मुठीखाली लोंबत राहते. शिवाय नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच जवळ आल्यामुळे नेमातील बारीकशी चूक लक्ष्यापाशी मोठी होते. जेवढे शस्त्र लहान, तेवढा सराव जास्त लागतो, हे कोणताही विक्रेता सांगत नाही.

दुकानात पुढीलप्रमाणे पारखावे. शस्त्र रिकामे असल्याची खात्री विक्रेत्याने करून दिल्यावरही स्वतः पाहावी. मूठ धरल्यावर चापावर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग पडतो का, आणि हात न थरथरता चाप पूर्ण ओढता येतो का, हे विक्रेत्याच्या परवानगीने, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, पाच-सहा वेळा पाहावे. जाताना रोजच्या वापरातील शर्ट आणि रुंद, जाड पट्टा घालून जावे. मऊ पट्ट्यावर पाऊण किलो वजन तासाभरात खाली ओघळते. मग रिकामे शस्त्र होल्स्टरमध्ये (शस्त्राच्या म्यानात) घालून, केळीचा घड काट्यावर ठेवताना वाकतो तसे वाकावे, गाडीवरची दोरी आवळताना हात वर करतो तसे करावे आणि खुर्चीवर, पिकअपच्या आसनावर बसतो तसे, मागे टेकून बसावे. वाकताना शर्ट पाठीवर ताणला जातो आणि मूठ तेथेच उमटते. हात वर केल्यावर शर्टाची कड वर सरकून शस्त्र उघडे पडते. आरशासमोर ताठ उभे राहून काहीच कळत नाही.

झाकलेपण ही केवळ आपली सोय नाही, तो नियम आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. ते दाखवणे, परजणे याला सक्त मनाई आहे. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत कमरेचे शस्त्र दिसेल अशा बेताने शर्ट वर खोचून फिरणारे काही महाभाग असतात. त्यांचा परवाना रद्द होऊ शकतो. वरातीत हवेत गोळी झाडल्यास शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

होल्स्टर मात्र मनापासून पाहून घ्या. चापाभोवतीचा भाग पूर्ण झाकणारे, त्याच शस्त्राच्या मापाचे आणि शस्त्र बाहेर काढल्यावर तोंड मिटून न जाणारे, एवढे तीन गुण त्यात हवेत. सैल कापडी खोळ, खिसा, गाडीचा डॅशबोर्ड आणि मोटारसायकलची डिकी या चारही जागा वर्ज्य समजाव्यात. पाठीच्या कण्यावर, मधोमध शस्त्र बाळगणे सिनेमात छान दिसते. दुचाकीवरून घसरून पाठीवर पडलात तर मात्र ते लोखंड मणक्यात रुतेल. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागे, पट्ट्याच्या आतल्या बाजूला ठेवावे.

प्रश्न : माझा पेट्रोल पंप आहे आणि दिवसाचा भरणा मी स्वतः बँकेत नेते. स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर आले होते. ते पर्समध्ये ठेवावे का? प्रसंगी ते माझे यजमान वापरू शकतील का? – एक वाचक, धुळे

उत्तर : ‘निर्भीक’ २०१४मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने आणले. टायटॅनियम मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम ठेवता आले आणि किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या घरात होती. स्त्रियांसाठीचे शस्त्र म्हणजे हलके शस्त्र, ही जाहिरातीची कल्पना आहे. हलके शस्त्र वागवायला सोपे असते, पण तेच काडतूस हलक्या शस्त्रातून झाडले की हाताला जास्त झटका बसतो. आपल्यासाठी वजनापेक्षा चापाचा जडपणा आणि मुठीचा घेर निर्णायक आहे. चाप ओढताना दोन बोटे लावावी लागत असतील किंवा नळी खाली झुकत असेल, तर ते शस्त्र कितीही देखणे असले तरी परत द्यावे.

पर्सविषयी स्पष्टच सांगतो, ठेवू नये. चोर पहिला हात पर्सलाच घालतो, म्हणजे रोख रकमेबरोबर भरलेले शस्त्रही त्याच्या हाती जाते. कुर्त्याखाली बांधता येणारा कापडी पट्टा मिळतो, पण त्यात चाप झाकणारा कडक कप्पा असेल तरच तो घ्यावा. साडी नेसून असे शस्त्र नीट बाळगणे मला तरी अवघड वाटते. भरणा न्यायच्या दिवशी वेगळा पोशाख करणे हाच सरळ मार्ग आहे.

यजमानांना ते वापरता येणार नाही. परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, कुटुंबाचा नव्हे.

प्रश्न : वडिलांच्या नावावरचे जुने जर्मन वॉल्थर पीपीके, .३२ बोअर, वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आले आहे. सराफी दुकानातून घरी जाताना तेच बाळगावे की नवे घ्यावे? – एक वाचक, जळगाव

उत्तर : पीपीके १९३१मध्ये अंगावर लपवून बाळगण्यासाठीच बाजारात आले आणि आकाराच्या बाबतीत आजही त्यात फारसे उणे काढता येत नाही. चपटे, सात काडतुसांचे, कडा गुळगुळीत. मनाने कौल द्यायचा तर मी तेच ठेवीन. पण वयाचा प्रश्न आहे. मॅगझिनची आणि स्लाइडची स्प्रिंग वर्षानुवर्षांच्या वापराने थकते, आणि सुटे भाग येथे सहजी मिळत नाहीत. परवानाधारक कारागिराकडून सेफ्टी, चापाची खाच आणि दोन्ही स्प्रिंगा तपासून घ्या. .३२ एसीपीच्या बुडाला किंचित कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल ऐन वेळी रुसते. म्हणून काडतुसे एकेक नीट मागे सरकवून भरावीत आणि आपण बाळगणार त्याच बनावटीची निदान पन्नासेक झाडून पाहावीत. त्यांत पिस्तूल एकदाही अडखळले तर ते कपाटात शोभेल, कमरेला नको. जुन्या पिस्तुलात चेंबरमध्ये काडतूस ठेवून फिरू नये, हे वेगळे सांगायला नको.

दोनच शस्त्रे बाळगता येतात हेही ध्यानात असू द्या. २०१९पूर्वी ही मर्यादा तीन होती.

प्रश्न : माझे काम शिरपूरहून सेंधव्यापर्यंत असते. शस्त्र सोबत नेता येईल का? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते, ते वाचावे. महाराष्ट्रापुरताच असेल तर पळासनेरच्या पुढे मध्य प्रदेशात शस्त्र नेणे हा अटीचा भंग आहे. हेच रावेरहून बऱ्हाणपूरला आणि नवापूरहून गुजरातेत जाणाऱ्यांना लागू आहे. क्षेत्र वाढवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

प्रश्न : परवान्याला वेळ लागतो आहे. ओळखीचा एक जण सातपुड्याकडून आणलेले लहान पिस्तूल पंचवीस हजारांत देतो म्हणतो. तोवर ते ठेवले तर? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : ठेवू नका. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान २ आणि कमाल ५ वर्षांची शिक्षा आहे, आणि गुन्हा नोंदला गेला की आपला प्रलंबित अर्जही बुडालाच समजा. कायदा बाजूला ठेवला तरी गावठी कट्ट्याच्या नळीला दाबाची चाचणी नसते. ती फुटली तर आपल्याच हातात फुटते. अर्ज फेटाळला गेला तर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.

प्रश्न : उन्हाळ्यात घामाने रिव्हॉल्व्हरवर तांबूस डाग पडले आहेत. निवडच चुकली का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : निवड चुकलेली नाही, होल्स्टर चुकले आहे. चामडे घाम शोषून धरते आणि रात्रभर शस्त्र त्यातच राहिले की मीठ पोलादावर काम करत राहते. कडक प्लॅस्टिकचे, अंगाकडच्या बाजूने उंच पडदा असलेले होल्स्टर घ्या आणि आत बनियन राहू द्या. घरी आल्यावर शस्त्र रिकामे करून, होल्स्टरबाहेर काढून, सुती कापडावर बंदुकीच्या तेलाचे दोन थेंब घेऊन पुसावे आणि कुलपात ठेवावे. तेल काडतुसांना लागू देऊ नये, कारण ते काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीत झिरपले तर बार फुसका जातो. सध्याचे डाग तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने हलके घासून निघतील. पॉलिश पेपर लावू नका, त्याने वरचा मुलामाही जाईल आणि पुढच्या मे महिन्यात डाग दुप्पट दिसतील.