सारसाच्या घरट्याची बांधी आणि तुडतुडे

प्रश्न : आमचे शेत गोंदिया जिल्ह्यात बाघ नदीच्या काठी आहे. पोळ्यानंतर दोन दिवसांनी धानाच्या बांधीत (भातखाचरात) सारसाच्या घरट्यात 2 अंडी दिसली. आता तुडतुडे (धानाचा रस शोषणारे किडे) आले आहेत. कृषी केंद्रवाला दोन औषधे एकत्र करून दुप्पट मात्रेने फवारा म्हणतो. काय करावे? घरट्याची नोंद कशी ठेवावी?

उत्तर : दुप्पट मात्रा मारू नका आणि दोन औषधे एका पंपात मिसळू नका. दुकानदाराला तुमची बांधी दिसत नाही, त्याला शिल्लक माल दिसतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या गटातील औषध मारल्यावर तुडतुडे खाणारे कोळी व मिरिड ढेकूण आधी मरतात आणि पंधरवड्यात तुडतुडे पूर्वीपेक्षा जास्त होतात, हे मी अनेक बांध्यांत पाहिले आहे. त्यानंतर शेतकरी पुन्हा त्याच दुकानात जातो.

आधी मोजणी करा. बांधीत निरनिराळ्या ठिकाणच्या 20 चुडांच्या (धानाच्या रोपांच्या झुपक्यांच्या) बुंध्याशी हलकी थाप मारा आणि पाण्यावर पडणारे तुडतुडे मोजा. सरासरी चुडास 10 च्या आत असेल तर पंप घरीच ठेवा. त्यावर गेली तरच पायमेट्रोझिन 50 टक्के, 10 लिटर पाण्यात 6 ग्रॅम या मात्रेने, बुंध्यावर पडेल असे फवारावे. शेंड्यावर मारलेले औषध वाया जाते. घरट्याच्या बांधीत मात्र फवारणी करूच नये. तेथील प्रादुर्भाव फार वाढला तरच आमच्या कार्यालयात या, आम्ही शेत पाहून सांगू. युरियाचा पुढचा हप्ताही तूर्त थांबवा, कारण लुसलुशीत धानावर तुडतुडे अधिक वाढतात.

तुडतुड्यांसाठी बांधीतील पाणी काही दिवस काढून टाकावे, हा आमचाच नेहमीचा सल्ला आहे, परंतु घरट्याच्या बांधीत तो पाळू नका. घरट्याभोवतीचे पाणी हेच अंड्यांचे कुंपण असते. ते आटले की कुत्री आणि कोल्हे थेट घरट्यापर्यंत पोहोचतात. पाणी बाकीच्या बांध्यांतून काढा.

नोंदीसाठी घरट्याजवळ जाण्याची गरज नाही. दररोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, धुऱ्यावर (बांधावर) किमान 100 पावले दूर उभे राहून वहीत तारीख, अंड्यांवर बसलेला पक्षी, जोडीदार कोठे चरतो आणि पाण्याची पातळी एवढे लिहा. नर व मादी आळीपाळीने बसतात. उठलेला पक्षी चोचीने काड्या सारखी करतो आणि दुसरा येऊन बसतो, हा बदल दुरूनही स्पष्ट दिसतो. दोघेही उडून गेले तर समजा की तुम्ही जास्त जवळ गेलात, आणि उघड्या अंड्यांवर कावळा लगेच येतो. अंडी 31 ते 34 दिवसांत फुटतात. पिल्ले एक-दोन दिवसांतच आईबापांमागे धानातून चालू लागतात, म्हणून फवारणीचा धोका घरट्यापुरता राहत नाही. त्यांना उडता येण्यास सुमारे 3 महिने लागतात, त्यामुळे कापणीच्या वेळीही पिल्ले शेतातच असतील.

घरट्यासाठी उपटलेले धान पाहून जीव हळहळतो, हे मला कळते. पण 10 चौरस मीटर जागा गेली असे धरले तरी, एकरी 16 क्विंटलच्या हिशेबाने ते नुकसान 4 किलोचे आहे. राज्यात सारस उरला आहे तो गोंदिया, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात आणि तोही मोजका.

पुढच्या हंगामासाठी एक आग्रह आहे : रोवणी करताना दर 10 ओळींनंतर 30 सेंटिमीटरचा पट्टा मोकळा सोडा. हवा खेळती राहते, तुडतुड्यांचा जोर कमी होतो, आणि फवारणी करावीच लागली तर बुंध्यापर्यंत नोझल पोहोचतो. मजूर कुरकुरतात, तरी रोवणीच्या दिवशी स्वतः बांधीत उभे राहून पट्टे सोडून घ्या.

फोरेट हे दाणेदार कीटकनाशक 2020 च्या अखेरीपासून बंद आहे. जुन्या साठ्यातले ते औषध कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, हे विसरू नका. फवारणीयंत्राच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर होतो. कागदपत्रे सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा.

सारस मेलेला किंवा लुळा पडलेला दिसला तर हात न लावता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर त्याच दिवशी कळवा. आसपास औषधाची बाटली सापडल्यास तीही उचलू नका.