जुन्या इलेक्ट्रिक गाडीला डबल बॅटरी बसंल का?

प्रश्न: माझ्याकडं २०१४ ची महिंद्रा ई-टू-ओ आहे, सासऱ्यांनी दिलेली. पहिली राजारामपुरीतनं पन्हाळ्याला जाऊन यायची आणि वर चार्ज उरायचा, आता घाट चढतानाच टक्के असे पडतात की वर पोचतोय का नाही याचीच धाकधूक. उद्यमनगरातला एकजण म्हणतोय डबल ताकदीची बॅटरी बसवून देतो, कंपनीपेक्षा निम्म्या पैशात. बसवू का गाडी भंगारात घालू? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: दादा, जरा दमानं. आधी बॅटरी खरंच गेलीय का ते बघू. आत सेल (छोट्या छोट्या बॅटऱ्या, सगळ्या मिळून झाला पॅक) एकामागं एक सिरीजमध्ये जोडलेले असतात आणि त्यातला एक जरी कमजोर झाला तरी त्याचं व्होल्टेज आधी खाली बसतं, मग बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, सगळ्या पॅकलाच थांबवतं, बाकीच्यांत करंट शिल्लक असला तरी. घाटात लोड आला की हे लगेच दिसतं. वर पोचल्यावर गाडी अर्धा तास उभी करा आणि टक्का आपोआप वर सरकतोय का बघा, सरकला तर सगळा पॅक मेलेला नसून दोन-चारच सेल रडत असू शकतात.

आता मेकॅनिककडं जाल तेव्हा गाडी उभी असताना मल्टीमीटर लावून 'ओके आहे' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ह्या गाडीतली बॅटरी एलएफपी केमिस्ट्रीची (म्हणजे आतलं रसायन लिथियम आयर्न फॉस्फेट), आणि एलएफपीचा सेल निम्मा भरलेला असो नाहीतर बराच रिकामा, व्होल्टेज ३.२-३.३ च्या आसपासच दाखवतो. गाडी चालवत, लोडवर, एकेका सेलचं व्होल्टेज बघायला पाहिजे. जो सेल बाकीच्यांपेक्षा धाडकन खाली जातो तो दोषी. त्याच्या जागी कोरा करकरीत सेल टाकला म्हणून रेंज नव्यासारखी होत नाही, बाकीचे म्हातारेच आहेत की, पॅक चालणार उरलेल्यातल्या सगळ्यात कमजोर सेलच्या हिशोबानं. त्यामुळं साधारण तेवढीच कपॅसिटी उरलेला जुना पण तपासलेला सेल मिळाला तर तो बरा.

डबल ताकदीचं म्हणाल तर त्या भावाला एकच विचारा, सेल कुठल्या केमिस्ट्रीचे टाकणार? एलएफपी ३.६५ व्होल्टला फुल होतो, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला, दुसरा प्रकार) ४.२ ला. केमिस्ट्री बदलली की सेलची संख्या, बीएमएस, चार्जर कुठल्या व्होल्टेजला थांबायचा ते, सगळंच बदलावं लागतं, आणि हे न करता नुसते सेल कोंबणारा माणूस तुमच्या पार्किंगमध्ये आग लावून जाईल. केमिस्ट्री आणि व्होल्टेज तेच ठेवून कपॅसिटी वाढवली तर गाडी चालेल, रेंजही वाढेल, पण चार्जर जुनाच म्हणून चार्जिंगला डबल वेळ, वजन वाढणार, आणि टक्क्याचा काटा जुन्या कपॅसिटीच्या हिशोबानं खोटं बोलत राहणार. परदेशात निसान लीफच्या जुन्या २४ किलोवॅट-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) गाड्यांत नंतरच्या मॉडेलचा ४० चा पॅक बसवतात, पण तिथंही गाडी आणि पॅकचं बोलणं जुळवायला मध्ये वेगळं मॉड्यूल लागतंच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, परवानगीशिवाय गाडीत असा बदल केला आणि पुढं काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करायला मोकळा.

स्वस्ताचं म्हणाल तर २०१० ला हजार डॉलरच्या वर असलेला पॅकचा भाव २०२४ ला सरासरी ११५ डॉलर प्रति किलोवॅट-अवरवर आलाय, पण तो कारखान्यांना घाऊक मिळणारा भाव, तुम्हाआम्हाला एका गाडीसाठी कोण देतोय. माझं मत, सेल दुरुस्त करून घ्या, गावात भाजी-शाळा-रंकाळा करा आणि पन्हाळ्याला दुसऱ्या गाडीनं जा.

प्रश्न: २०२० ची नेक्सॉन ईव्ही पंधरवडाभर उभी होती, आता स्क्रीनच लागत नाही. गॅरेजवाला म्हणतो मेन बॅटरी गेली, लाखांत खर्च आहे. (गोकुळ शिरगाव)

उत्तर: ताई, आधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी बघा, पेट्रोल गाडीत असते तसलीच. ती उतरली की मोठी बॅटरी फुल असली तरी गाडी जागी होत नाही, आणि ती काही हजारांत येते. मोठीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी आहे, त्यामुळं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय कुणाला तिचं झाकण उघडू देऊ नका.

प्रश्न: पंचगंगेच्या पुरात गाडी दोन दिवस पाण्यात होती. वाळवून चालू करू का? (शाहूपुरी)

उत्तर: नको! बॅटरी पाण्यात टिकते म्हणून जो आयपी ६७ दर्जा सांगतात, तो म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, दोन दिवस नव्हे. चार्जर लावू नका, किल्ली फिरवू नका, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टोइंगनं न्या, आणि तोवर ती घराला, दुसऱ्या गाड्यांना चिकटून उभी करू नका, कारण आत पाणी गेलेला पॅक काही दिवसांनीसुद्धा पेटू शकतो.